नोकरी पक्की आहे, मी म्हणालो

आमच्याकडे मुलीचा बाप मुलाच्या घरी जायच्या आधी मुलाच्या साहेबाकडे जातो. घरचे लोक काय, चांगलंच सांगणार. म्हणून गावातल्या पानठेल्यावर विचारायचं, शेजाऱ्याला विचारायचं, आणि मुलगा नोकरीत असेल तर त्याच्या साहेबाची गाठ घ्यायची. याला चौकशी म्हणतात. चौकशीला आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो आणि तो विचारेल त्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तर खरंच असलं पाहिजे असा काही दंडक नाही. उलट कोणाची सोयरीक आपल्या तोंडून मोडू नये, ते पाप आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे आमच्या निम्म्या चौकशा म्हणजे एकमेकांशी गोड बोलण्याचा कार्यक्रम असतो.

मी काही साहेब नव्हतो. अमरावतीच्या एका ऑफिसात अकरा जणांच्या टीमचा लीड होतो, म्हणजे बाकीच्यांच्या चुकांसाठी पुण्याहून येणारे फोन माझ्या टेबलावर वाजायचे, एवढाच फरक. पण पातूरहून माझ्या घरी आलेल्या त्या माणसाच्या लेखी मी साहेबच होतो. त्याला मी काय सांगितलं ते मी बायको आणि ज्यांना सांगणं भागच होतं त्यांच्याखेरीज कोणाला कधी नीट सांगितलेलं नाही.

आधी आमचं काम सांगतो. अमेरिकेत एक लहानसं शहर आहे. त्याच्या जमिनीखालून पाण्याच्या लाइनी गेल्यात, आणि त्यांचे जुने नकाशे कोणीतरी कधीकाळी हाताने काढून ठेवले होते. कागद फाटलेले, शाई उडालेली, एका दुरुस्तीवर दुसरी दुरुस्ती. त्या कागदांचे फोटो आमच्याकडे यायचे आणि आम्ही ती प्रत्येक लाइन, प्रत्येक व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवर नव्याने काढायचो. तिथे नवीन खोदकाम झालं की नकाशा बदलायचा, तोही आम्हीच बदलायचो. सतरा वर्षं मी हे केलं. त्या शहरात कोणत्या गल्लीत कोणाच्या फाटकासमोर व्हॉल्व्ह आहे ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माझ्या स्वतःच्या कॉलनीत पाणी कुठून येतं ते मला आजही माहीत नाही.

कंपनी पुण्याची. वऱ्हाडात तिची दोन ऑफिसं होती, एक अकोल्याला आणि एक आमचं. अकोल्याचं आधी बंद झालं. तिथले चार जण मग रोज सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून आमच्याकडे यायला लागले. अकोल्याचं ऑफिस बंद झालं तेव्हा आम्ही अमरावतीवाल्यांनी दोन दिवस हळहळ केली, खुर्च्या थोड्या सरकवल्या, आणि विषय संपवला. आपली पाळी यायची आहे हे कळायला फार अक्कल लागत नव्हती, पण तेवढीही आम्ही लावली नाही.

टीममधला सगळ्यात चांगला माणूस चांदूर बाजारकडचा होता. आम्ही त्याला पाणाड्या म्हणायचो. खेड्यात विहीर कुठे खोदायची ते सांगणारा माणूस असतो तो पाणाड्या, आणि ह्याला कागद फाटलेला असला तरी लाइन कुठून गेली असेल ते कळायचं. तो मनाने काही ठोकून द्यायचा नाही. शेजारचे चार कागद काढायचा, रस्त्याची रुंदी बघायचा, जुन्या फोटोत झाडं कोणत्या ओळीत लावलीत ते बघायचा, आणि अर्ध्या तासाने म्हणायचा, इथून गेली हाय. पुढे तिथे कधी खोदकाम झालं की लाइन तिथेच सापडलेली असायची. अशा प्रत्येक ठिकाणाची नोंद तो एका वहीत करायचा, कशावरून ठरवलं ते लिहून. पुण्याच्या लोकांना त्या वहीचा पत्ता नव्हता. आमचं निम्मं काम त्या वहीवर चालायचं.

पाणाड्या तेव्हा चौतीस वर्षांचा होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. घरी काळी कसदार जमीन, भाऊ ती करणारा, आईवडील धडधाकट, मुलगा निर्व्यसनी. पण वऱ्हाडात आता जमीन असलेल्या मुलाला कोणी मुलगी देत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांची स्वतःची जमीन आहे तेच बाप सगळ्यात आधी नाही म्हणतात. तीन स्थळं त्याच्या हातून गेली, कारण तेव्हा तो कंत्राटावर होता. कायम झाल्याचं पत्र मिळालं तेव्हा त्याने ते लॅमिनेट करून घेतलं. आम्ही त्याला खूप चिडवलं. म्हटलं, गळ्यात घालून फिर आता. तो हसला आणि पत्र बॅगेत ठेवून दिलं.

मग सप्टेंबरात पुण्याच्या मॅनेजरने मला अकोल्याला बोलावलं. बंद ऑफिसातलं फर्निचर घरमालकाकडून सोडवायचं आहे, तुम्ही स्थानिक माणूस, सोबत चला, म्हणाला. त्या रिकाम्या खोलीत दोनच खुर्च्या उरल्या होत्या. आम्ही त्यांच्यावर बसलो आणि त्याने मला सांगितलं की मार्चपर्यंत आपलं सगळं काम व्हिएतनामला जाणार. तिथे कंपनीने नवीन ऑफिस उघडलंय. तिथल्या मुलांना शिकवायचं काम तुमच्या टीमने करायचं, पण काम जाणार आहे हे टीमला जानेवारीपर्यंत सांगायचं नाही, नाहीतर लोक आधीच निघून जातील. आणि हे सगळं नीट पार पडलं तर तुमच्यासाठी पुण्यात जागा आहे. त्याने एक कागद पुढे केला. कुठे काही बोलणार नाही, अशी त्यावर माझी सही हवी होती.

मी सही केली. दोन दिवस विचार करतो असं म्हणता आलं असतं. मॅनेजर काही राक्षस नव्हता, तो थांबला असता. पण मला बावन्नावं वर्ष लागलं होतं आणि मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि पुण्याची जागा हे शब्द ऐकल्यावर माझं डोकं त्या शब्दांपाशीच अडकलं. परतीच्या बसमध्ये मला कंपनीचा संताप आला. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या मॅनेजरला मनातल्या मनात काय काय बोललो. आपण सही करून बसलोय हे मधेमधे आठवायचं आणि राग आणखी वाढायचा.

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. सतरा वर्षांपूर्वी हे काम आमच्याकडे आलं तेव्हा आम्हाला शिकवायला त्या अमेरिकन शहरातला एक म्हातारा ड्राफ्ट्समन फोनवर यायचा. ते कागद त्याच्याच हातचे. अतिशय खडूस माणूस. दोनदा विचारलं तर गप्प बसायचा, आभार मानले तर उत्तर द्यायचा नाही. दोन महिन्यांनी एक दिवस तो म्हणाला की आज शेवटचं, आणि मग एका कागदाचा कोपरा सांगितला. तिथे त्याने तरुणपणी चूक केली होती आणि ती कधी कोणाला सांगितली नव्हती. तुम्हाला माहीत असलेली बरी, म्हणाला, आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी आम्ही काम पूर्ण ताब्यात आलं म्हणून ऑफिसात पेढे वाटले. त्या म्हाताऱ्याची नोकरी गेली हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. म्हातारा तुसडा होता, एवढंच आम्ही बोललो.

सप्टेंबरच्या शेवटापासून शिकवणी सुरू झाली. मी टीमला सांगितलं की काम वाढणार आहे, मदतीला बाहेरची माणसं घेतोय. सगळ्यांना आनंद झाला. काम वाढणार म्हणजे आणखी जागा निघतील, अकोल्याचं ऑफिस परत उघडेल, असे हिशेब डबे खाताना व्हायला लागले. अकोल्याहून येणारी एक बाई तर म्हणाली की सकाळची गाडी एकदाची सुटेल. मी माझा डबा खात होतो.

व्हिएतनामकडून स्क्रीनवर पाच जण यायचे, पण प्रश्न विचारायची एकच मुलगी. पंचविशीची असेल. दोन्हीकडचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण तिला शिकायची फार ओढ होती, आणि पाणाड्याला शिकवायची. आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला जसं आग्रह करून वाढतात तसं तो तिला शिकवायचा. ती एक विचारायची, हा चार सांगायचा. एक दिवस मी पाहिलं तर तो वही कॅमेऱ्यासमोर धरून एकेक पान तिला इंग्रजीत समजावत होता. ते पुण्याने मागितलेलं नव्हतं, कारण वही आहे हेच पुण्याला माहीत नव्हतं. मी त्याला थांबवू शकलो असतो. वहीचं राहू दे, एवढं म्हणायचं होतं. पण का, असं त्याने विचारलं असतं. मी चहा प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तो खूश होऊन म्हणाला की मुलगी हुशार आहे, सहा महिन्यांचं काम दोन महिन्यांत करेल.

मला त्या मुलीचा राग यायचा. हे लिहायला लाज वाटते, पण यायचा. ती सकाळी वाकून नमस्कार करायची तर मी मान वळवायचो. टीमला वाटायचं की सर आजकाल कावलेले असतात, घरी काही असेल.

दसरा झाल्यावर पाणाड्याला स्थळ आलं. मुलगी अकोल्याला एका शाळेत शिकवायची, वडील पातूरचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मुलगी मुलाला पसंत, मुलगा मुलीला पसंत. पाणाड्या मला म्हणाला की ते तुमच्याकडे येतील, नोकरीचं विचारतील. एवढंच म्हणाला. तीन स्थळं मोडलेली असल्यामुळे त्याला जास्त बोलायची भीती वाटायची.

एका शनिवारी दुपारी ते गृहस्थ आमच्या घरी आले. बारीक अंगाचे, स्वच्छ पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. घरात येऊन बसण्याआधी त्यांनी आमचं ऑफिस बाहेरून पाहून घेतलं होतं, खालच्या पानठेल्यावर विचारलं होतं, वॉचमनशीही बोलले होते. बायकोने चहा आणला. चांगला मुलगा आहे, असं तीही म्हणाली, कारण तो आमच्याकडे दोन-तीनदा जेवला होता. मग ती आत गेली आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

मी सुरुवातच अशी केली की मुलगा सोन्यासारखा आहे. छातीवर हात ठेवून सांगतो, म्हटलं, माझी मुलगी लग्नाची असती तर मी दिली असती. यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि मला वाटलं की एवढ्यावर निभावेल. बहुतेक चौकशा एवढ्यावर निभावतात. पण त्यांनी आयुष्यभर गर्दीच्या गाडीत तिकिटं तपासली होती. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, पोराचं नाही इचारून राहिलो. पोरगा म्या पाह्यला. नोकरीचं इचारून राहिलो. हे कंपनीवाले आज इथं, उद्या तिथं असते म्हणते. नोकरी पक्की हाय का, तेवढं सांगा. तुमी म्हणान तसं करतो.”

सही केलेला कागद डोळ्यांपुढे आला, सोयरीक मोडण्याचं पाप आठवलं, आणि पुणंही आठवलं. आज मी या तिन्ही गोष्टी कोणत्याही क्रमाने लावून दाखवू शकतो, पण तेव्हा सगळ्यात वर पुणं होतं हे मला ठाऊक आहे. पापाची गोष्ट मी नंतर शोधून पुढे ठेवली.

“पक्की आहे,” मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले. पिशवीतून पातूरकडची चिंच काढून बायकोला दिली, घरच्या झाडाची आहे म्हणाले, आणि चारची बस पकडायला निघाले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गाडी काढत होतो तर नको म्हणाले, उगाच तकलीफ.

मार्गशीर्षात पातूरला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. ऑफिसातून आम्ही सगळे गेलो. मांडव घरासमोरच होता, माणसं शंभराच्या वर. मला पुढच्या ओळीत बसवलं, टोपी आणि शेला दिला, आणि मुलीचे वडील एकेका नातेवाइकाला माझ्याकडे घेऊन यायला लागले. प्रत्येकाला ते एकच सांगत होते की हे मुलाचे साहेब, यांच्या शब्दावर सोयरीक केली. एका म्हाताऱ्याने तर माझ्या पायाला हात लावला. जेवणात काय होतं ते मला आठवत नाही. पाणाड्या नव्या कपड्यांत इतका छान दिसत होता की अकोल्याच्या बाईने त्याची दृष्ट काढली. लग्न अक्षय्य तृतीयेनंतरचं ठरलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. सगळ्यांना एका खोलीत उभं केलं आणि मला अकोल्यात सांगितलं होतं तेच सांगितलं, थोडं जास्त इंग्रजीत. कोणी ओरडलं नाही. अकोल्याच्या बाईने विचारलं की आम्ही ज्यांना शिकवलं तेच का. मॅनेजर म्हणाला, हो, आणि तुम्ही फार चांगलं शिकवलं, तिकडून कौतुक आलंय. ह्या माणसाला आपण काय बोललो ते कळलं असेल असं मला आजही वाटत नाही. एकाने टेबलावरचा तिळगुळाचा डबा हाताने बाजूला सारला, तो खाली पडला, आणि तो कोणीच उचलला नाही.

पाणाड्या जागेवर जाऊन बसला. मी त्याच्याजवळ गेलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, तुमाले कवापासून मालूम होतं?”

सप्टेंबरपासून, मी म्हटलं. त्याने मनात महिने मोजले. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सप्टेंबर, मग दसरा, मग चौकशी, मग साक्षगंध. मला वाटलं आता तो मला शिव्या देईल, आणि त्याने दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला की रविवारी मला पातूरला जावं लागेल, आणि तुम्ही सोबत चला. “मले मालूम नव्हतं, हे त्याइले तुमी सांगा. मी सांगतलं तं खरं नाही वाटनार.”

तेवढं एकच त्याने माझ्याकडे मागितलं.

रविवारी आम्ही अकोल्याला बस बदलून पातूरला गेलो. साक्षगंधाच्या मांडवाचे खड्डे अजून अंगणात दिसत होते. मुलीच्या वडिलांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, अचानक आल्याचं नवल केलं. मुलगी रविवार म्हणून घरीच होती, दाराशी उभी राहिली. मी सगळं सांगितलं. मुलाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, तुम्ही आलात त्या दिवशीही माहीत होतं. पुण्याच्या जागेचंही सांगितलं, कारण ते ठेवून सांगितलं असतं तर ते पुन्हा खोटंच झालं असतं.

मुलीचा म्हातारा बाप खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, “म्या पोराची चौकशी केली. ज्याच्यापाशी केली त्याची कराले पाह्यजे होती.” त्याच्या आवाजात राग नव्हता. गाडी चुकल्यावर माणूस बोलतो तसं तो बोलला.

मग मुलगी बोलली. तिने पाणाड्याला विचारलं नाही, मला विचारलं. ती म्हणाली की तुम्ही तेव्हा खरं सांगितलं असतं तर बाबांनी मला विचारलं असतं, आणि मी काय म्हटलं असतं ते तुम्हाला माहीत आहे का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मले तरी कुठं माहीत हाय आता? ते तवा म्हनाची गोष्ट होती.” आणि ती आत गेली.

आमच्याकडे सोयरीक कोणी तोंडावर मोडत नाही. मुलीचे वडील म्हणाले की मुलाला दुसरी नोकरी लागू द्या, मग तारखेचं पाहू. आम्हाला बसपर्यंत पोचवायला आले. ती तारीख पुढे कधी निघाली नाही.

मी पुण्याला गेलो. मी नाही म्हटलं असतं तर ही आठवण सांगायला मला सोपं गेलं असतं, पण मी गेलो. चुलतभावाच्या घरी एका खोलीत राहून व्हिएतनामचं काम तपासायचो, आणि ते काम चांगलं होतं. सात महिन्यांनी मला सांगितलं की तपासणीही आता तिकडेच होईल. अमरावतीला परतलो तेव्हा बायको म्हणाली की आता निदान घरी तरी सरळ बोलत जा. ती थट्टा करत नव्हती. मी आता एका कॉलेजात तासिकेवर ड्रॉइंग शिकवतो.

पाणाड्या वरूडला आहे असं मला अकोल्याच्या बाईने फोनवर सांगितलं. डिसेंबरात मी त्याला भेटायला गेलो. संत्र्यांचा हंगाम चालू होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ट्रक आणि ट्रॅक्टर. तो एका पॅकिंगच्या शेडमध्ये देखरेखीला होता. आकाराप्रमाणे संत्री वेगळी करायची, पेट्या भरायच्या, गाड्या लावायच्या. मला पाहून त्याने लगेच एकाला चहा सांगितला आणि बसायला रिकामी पेटी उलटी करून दिली. वजन कमी झालं होतं, पण बरा दिसत होता. मी काही विचारायच्या आत त्यानेच सांगितलं की पातूरच्या मुलीचं तुळशीच्या लग्नानंतर लग्न झालं. मुलगा अकोल्याचाच आहे, बँकेत. पत्रिका आली होती, म्हणाला, पण हंगाम होता म्हणून जाणं झालं नाही. हे सगळं त्याने दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं सांगितलं. मला त्याची माफी मागायची होती. पातूरहून परतताना मागितली नव्हती, नंतर फोनवर मागायचं धाडस झालं नव्हतं, आणि त्यासाठीच मी आलो होतो.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मेसेज होता. त्याने हात पँटला पुसले, फोन जवळ धरला आणि फोटो मोठा करून बघायला लागला. मी वाकून पाहिलं. आमचाच कागद होता. फाटलेला कोपरा, दोन दुरुस्त्या एकावर एक. त्या व्हिएतनामच्या मुलीने पाठवला होता. तो दोन-तीन मिनिटं बघत राहिला, मग बोटाने फोटोवर लाल रेघ ओढली, खाली इंग्रजीत चार ओळी लिहिल्या की समोरची झाडांची ओळ बघ, आणि पाठवून दिलं.

मी विचारलं की हे कधीपासून. उन्हाळ्यापासून, म्हणाला, आठवड्यातून दोन-तीनदा विचारते.

माझा तोल गेला. सगळा राग एकदम वर आला, कंपनीचा, मॅनेजरचा, त्या पोरीचा, आणि त्याच्याखाली माझा स्वतःचा. अरे, तुझं काम नेलं तिनं, तुझी वही नेली, मी म्हटलं, तुझं लग्न गेलं त्याच्यापायी, आणि तू इथं धुळीत बसून फुकटात तिले शिकवतोस. काहून सांगतोस तिले?

तो फोन खिशात ठेवत होता. त्याला माझ्या चिडण्याचं खरंच नवल वाटलं.

“तिनं इचारलं ना, सर,” तो म्हणाला. “आपल्याले मालूम हाय तं सांगा लागते.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याने टोमणा मारला असता तर मला तो पेलला असता, पण तसं काही त्याच्या मनात नव्हतं. शेडसमोर गाडी लागली होती. चहा येते सर, बसा, असं म्हणून तो पेट्या चढवायला निघून गेला.